शोभेची बदके व अन्य जलपक्षी : खरेदी, कायदा आणि संगोपन

घराच्या बागेतील लहानशा तळ्यात किंवा शेतघराच्या आवारात शोभेची बदके, राजहंस व अन्य जलपक्षी पाळण्याची हौस देशाच्या अनेक भागांत दिसून येते. पक्षी विकत घेणे फारसे अवघड नसते. तथापि तो पाळण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, त्याला पुरेसे व स्वच्छ पाणी आपण पुरवू शकतो काय, आणि पुढील दहा वर्षे त्याची जबाबदारी घेण्याची आपली तयारी आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच मिळवणे आवश्यक आहे. पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास प्रसंगी तुरुंगवासही भोगावा लागू शकतो. या विषयाची मूलभूत माहिती येथे देत आहोत.

पाळीव बदक आणि रानबदक

जगातील जवळजवळ सर्व पाळीव बदके मॅलार्ड या एकाच रानबदकापासून विकसित झाली आहेत. हिरव्यागार डोक्याचा नर असलेला हा पक्षी हिवाळ्यात भारताच्या उत्तर भागातही येतो. पाळीव बदकांमधील एकमेव मोठा अपवाद म्हणजे मस्कोव्ही. तांबड्या, गाठाळ चेहऱ्याचे हे बदक मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून युरोपीय लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच स्थानिक रहिवाशांनी ते माणसाळवले होते.

मराठीत ज्याला आपण सर्रास राजहंस म्हणतो, तो पांढरा पाळीव पक्षी प्रत्यक्षात हंस नसून कलहंसाच्या कुळातील आहे. युरोपीय पाळीव जाती करड्या रानकलहंसापासून, तर चोचीच्या मुळाशी गाठ असलेल्या चिनी जाती पूर्व आशियातील स्वॅन गूज या पक्ष्यापासून निर्माण झाल्या.

शेकडो वर्षे माणसाच्या सहवासात वाढलेल्या या जाती पाळण्यास वन्यजीव कायद्याचा अडसर नाही. मात्र अडई, हळदी-कुंकू बदक, काणूक, नकटा, चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब यांसारखे आपल्या तळ्यांवर दिसणारे पक्षी हे वन्य जीव आहेत. ते कितीही देखणे असले आणि विक्रेत्याने ते घरी वाढवलेले असल्याचे सांगितले, तरी ते विकत घेता येत नाहीत.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी वन्य पक्षी पकडणे, बाळगणे व त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. पक्ष्यांची अंडी व घरटी यांनाही संरक्षण देण्यात आले आहे. या अधिनियमात २०२२ मध्ये व्यापक दुरुस्ती करण्यात आली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्यानुसार सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास, तसेच किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. आसामचा राज्यपक्षी असलेले पांढऱ्या पंखांचे बदक, अर्थात देवहंस, याच पहिल्या अनुसूचीत आहे.

परदेशी जातींच्या बाबतीत साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा विचार करावा लागतो. संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या या कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. काळ्या मानेचा हंस, कॉस्कोरोबा हंस, तांबड्या छातीचा कलहंस आणि हवाई बेटांवरील नेने हे जलपक्षी या कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अशा जातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीविषयक नियम अधिसूचित करण्यात आले. या जातींचा पक्षी बाळगणाऱ्याने परिवेश या शासकीय संकेतस्थळामार्फत त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून पक्ष्याचे हस्तांतरण, पिल्लांचा जन्म व मृत्यू यांचीही नोंद द्यावी लागते.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी जातींच्या स्वेच्छा नोंदणीसाठी सहा महिन्यांची सवलत दिली होती. ती सवलत आता अस्तित्वात नाही. त्यामुळे कागदपत्रांविना परदेशी पक्षी घेऊन नंतर तो नियमित करून घेता येईल, या आश्वासनावर विश्वास ठेवू नये.

मँडरिन बदकाचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक आहे. नारिंगी पिसांचे शीड उभारलेला या जातीचा नर हौशी मंडळींना विशेष भुरळ घालतो. हा पक्षी मूळचा पूर्व आशियातील आहे. तथापि फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील मागुरी-मोटापुंग बीलमध्ये तो वन्य अवस्थेत दिसला होता व त्या भागात शंभराहून अधिक वर्षांनी झालेल्या या दर्शनाची देशभर चर्चा झाली. अशा पक्ष्याच्या खरेदीपूर्वी तो बंदिवासात जन्मलेला असल्याचा पुरावा घ्यावा आणि त्या जातीची सद्यस्थिती वन विभागाकडून लेखी स्वरूपात जाणून घ्यावी.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यानुसार दुकानाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक असलेली पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क तर आहेच, शिवाय पुढे वाद उद्भवल्यास तोच त्याचा आधार ठरतो.

कोणती जात निवडावी

नवख्या पालकासाठी पाळीव जाती सर्वांत सोयीच्या ठरतात. पांढरेशुभ्र पेकिन बदक शांत स्वभावाचे व जड शरीराचे असल्याने सहसा उडत नाही. खाकी कॅम्पबेल ही जात विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये विकसित झाली व ती अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. इंडियन रनर या जातीच्या नावात भारत असला, तरी तिचे मूळ इंडोनेशियाच्या बेटांवर आहे. बाटलीसारखी उभी शरीरयष्टी असलेले हे बदक पोहण्यापेक्षा धावणे पसंत करते आणि बागेतील गोगलगायी वेचून खाते. हिरवट काळ्या रंगाची कायुगा व डोक्यावर पिसांचा झुबका असलेली क्रेस्टेड या जाती शोभेसाठीही पाळल्या जातात. मात्र झुबक्याच्या जनुकामुळे क्रेस्टेड जातीची काही पिल्ले अंड्यातच मरतात, हे लक्षात घ्यावे.

आकाराने लहान असलेले कॉल बदक दिसण्यास अत्यंत मोहक असते. परंतु रानबदकांना साद घालून जाळ्यात ओढण्यासाठीच ही जात पूर्वी पाळली जात असे. साहजिकच तिच्या मादीचा आवाज मोठा व सततचा असतो. दाट वस्तीत शेजाऱ्यांची अडचण होऊ नये असे वाटत असल्यास मस्कोव्हीचा विचार करावा. या जातीचा नर केवळ फुसफुसतो व मादी क्वचितच आवाज करते. तथापि मस्कोव्ही चांगले उडते, हेही ध्यानात ठेवावे.

देशी पाळीव जातींकडेही दुर्लक्ष होऊ नये. आसामची पाटी, बिहारची मैथिली व अंदमानी या बदकांच्या जातींना आणि काश्मीरच्या अंझ या राजहंसाच्या जातीला राष्ट्रीय पातळीवर नोंदणीकृत जातींचा दर्जा मिळालेला आहे. स्थानिक हवामान व रोगराई यांना तोंड देण्याची त्यांची क्षमता चांगली असते. शासकीय कुक्कुटपालन केंद्रांकडून मिळणारी पिल्ले बाजारातील अनोळखी पिल्लांपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावीत.

एकटे बदक कधीही पाळू नये. हे पक्षी समूहाने राहणारे आहेत. पाळीव जातींमध्ये एका नरामागे पाच ते सहा माद्या असाव्यात. नरांची संख्या अधिक झाल्यास माद्यांच्या मानेवर व पाठीवर जखमा होतात. मॅलार्डपासून झालेल्या जातींमध्ये प्रौढ नराच्या शेपटीवर वर वळलेली पिसे असतात व त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्याने क्वॅक-क्वॅक करते ती मादी होय. रानबदकांसारख्या शोभेच्या जाती मात्र जोडीने ठेवतात.

पक्षी निवडताना

निरोगी बदकाचे डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या व पिसे तुकतुकीत असतात. ते लंगडत नाही आणि त्याच्या तळपायांवर सूज किंवा काळे व्रण नसतात. पंख बाहेरच्या बाजूस वळलेले असल्यास तो वाढीच्या काळातील चुकीच्या आहाराचा परिणाम असतो व प्रौढ वयात तो बरा होत नाही.

पंखाचे टोक हाडासह कापलेले आहे काय, हेही पाहावे. उडणे कायमचे बंद करण्यासाठी पिल्लांवर अशी शस्त्रक्रिया करण्याची प्रथा काही देशांत होती. ती पक्ष्याला अपंग करणारी असून प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्राण्याचे अवयव छाटण्यास मनाई करतो. उडण्यास आळा घालायचा असल्यास एका पंखाची मोठी पिसे पशुवैद्यकाकडून कातरून घ्यावीत. पिसे झडल्यावर ती पुन्हा उगवतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे वरून जाळी असलेला पिंजरा.

जननकाळ संपल्यानंतर मँडरिन व तत्सम जातींच्या नरांची रंगीत पिसे झडतात आणि काही महिने ते मादीसारखे करडे दिसतात. या काळात पक्षी आजारी पडला किंवा विक्रेत्याने फसवले असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही नैसर्गिक प्रक्रिया आहे.

जागा व पाणी

प्रत्येक प्रौढ बदकासाठी रात्रीच्या खुराड्यात चार ते पाच चौरस फूट व बाहेर फिरण्यासाठी दहा ते पंधरा चौरस फूट जागा असावी. खुराडे हवेशीर असावे व त्यातील तूस किंवा भुसा कोरडा ठेवावा. मुंगूस, भटकी कुत्री, मांजरे व घुशी हे बदकांचे प्रमुख शत्रू आहेत. पिल्लांवर कावळे व घारीही झडप घालतात. म्हणून सूर्यास्तानंतर पक्षी बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. खडबडीत सिमेंटच्या जमिनीवर तळपायांना जखमा होऊन त्यांत पू होतो. माती, वाळू किंवा गवत उत्तम.

पाळीव बदक तळ्याविनाही जगू शकते. परंतु संपूर्ण डोके बुडवता येईल इतके खोल पाणी त्यास मिळालेच पाहिजे. डोळे व नाकपुड्या धुण्यासाठी आणि पिसांची निगा राखण्यासाठी ते अनिवार्य आहे. बंदिस्त पालनासाठी सुमारे ५० सेंटीमीटर रुंद व १५ ते २० सेंटीमीटर खोल पाण्याची नाली पुरेशी मानली जाते. मँडरिनसारख्या शोभेच्या जातींना व हंसांना मात्र पोहण्याजोगे खरे तळे लागते.

खरी अडचण तळे बांधण्यात नसून ते स्वच्छ ठेवण्यात असते. बदके जेथे पोहतात तेथेच विष्ठा टाकतात, त्यामुळे लहान हौदातील पाणी एक-दोन दिवसांतच गढूळ होते. उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते, तेथे हा छंद टाळणेच योग्य. निचरा करता येईल असा तळाचा नळ हौदाला असावा आणि काढलेले पाणी झाडांना द्यावे. ते उत्तम खत ठरते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ साधारणतः सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून आठवड्यातून किमान एकदा हौद पूर्ण रिकामा करून घासून घ्यावा.

घाण पाण्याचा धोका किती गंभीर असतो, याचे उदाहरण राजस्थानातील सांभर सरोवराने घालून दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे हजारो स्थलांतरित पक्षी मृत्युमुखी पडले. मृत पक्ष्यांवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषामुळे होणारा बोट्युलिझम हा रोग त्यास कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले. मेलेल्या पक्ष्यांवरील अळ्या खाल्ल्याने हे विष इतर पक्ष्यांत जाते. घरच्या तळ्यातही कुजलेली पाने, मेलेले मासे वा उंदीर आढळताच ते तत्काळ काढून टाकले पाहिजेत.

आहार

पाव, बिस्किटे व शिळी पोळी हा बदकांचा आहार नव्हे. पावाने पोट भरते, पोषण मिळत नाही, आणि उरलेले तुकडे पाणी कुजवतात. पहिले तीन आठवडे सुमारे २० टक्के व त्यानंतर १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे. त्यासोबत चिरलेला पाला, शेवाळ, अझोला व बारीक खडी असावी. अंडी देणाऱ्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा द्यावा. राजहंस मुख्यतः गवतावर चरतात, म्हणून त्यांच्यासाठी हिरवळ आवश्यक असते.

कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य बदकाच्या पिल्लांना देताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बदकाच्या पिल्लास नायसिन या जीवनसत्त्वाची गरज जवळजवळ दुप्पट असते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. तसेच औषधमिश्रित खाद्य पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा आहे. भुईमुगाची पेंड व मका यांवर दमट हवेत वाढणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने दगावल्यानंतर या विषाचा शोध लागला. बदकाची पिल्ले त्यास विशेष संवेदनशील असतात. पावसाळ्यात खाद्याचा मोठा साठा करू नये व कुबट वास येणारे खाद्य स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. खाद्याजवळ नेहमी पाणी असावे, अन्यथा कोरडा भुगा घशात अडकतो.

अंडी व पिल्ले

मॅलार्ड वंशाच्या बदकांची अंडी उबण्यास २८ दिवस, तर मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवस लागतात. मँडरिनची मादी झाडाच्या ढोलीत घरटे करते. तिच्यासाठी उंचावर लाकडी पेटी बसवावी लागते. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान द्यावे व दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी कमी करावे.

अशी पिल्ले लगेच पाण्यात सोडणे घातक आहे. आईच्या पिसांतील तेल त्यांना मिळालेले नसते. ती भिजतात, गारठतात व बुडूनही मरतात. सुरुवातीस उथळ भांड्यात, देखरेखीखाली व थोडाच वेळ पोहू द्यावे.

रोग व बर्ड फ्लू

डक प्लेग व डक कॉलरा हे बदकांचे दोन प्रमुख रोग असून दोन्हींवर प्रतिबंधक लसी उपलब्ध आहेत. लसीकरणाचे वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावे. नवा पक्षी किमान तीन ते चार आठवडे इतरांपासून वेगळा ठेवावा.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर येथे कोंबड्यांमध्ये झाला. त्यानंतर २०१४ मध्ये केरळच्या आलाप्पुळा व कोट्टयम जिल्ह्यांत या रोगाचा मोठा फटका बदकपालकांनाच बसला. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतील संजय सरोवरातील बदकांच्या नमुन्यांत संसर्ग आढळल्याने तेथील बदके नष्ट करण्यात आली. ती मांसासाठी नव्हे, तर शोभेसाठीच पाळलेली होती, हे विशेष उल्लेखनीय आहे.

बदकांच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. काही वेळा बदकात रोगाची कोणतीही लक्षणे दिसत नाहीत, परंतु त्याच्या विष्ठेतून विषाणू पसरत राहतो. रानबदकांशी संपर्क येऊ नये यासाठी खाद्य व पाणी छपराखाली ठेवावे, तळ्यावर जाळी घालावी आणि नैसर्गिक तलावाचे पाणी थेट आणू नये. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास मृत पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागास तत्काळ कळवावे. अशी सूचना देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. नमुन्यांची अंतिम तपासणी भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. संसर्ग सिद्ध झाल्यास एक किलोमीटर परिघातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात. त्यातून हौसेचे पक्षीही सुटत नाहीत.

दैनंदिन काळजीही महत्त्वाची आहे. बदके निरोगी दिसत असली तरी त्यांच्यापासून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत व लहान मुलांना पिल्लांचे चुंबन घेऊ देऊ नये.

नकोसे झाल्यास तलावात सोडू नये

बदके आठ ते बारा वर्षे, तर राजहंस वीस वर्षांहून अधिक जगू शकतात. बदली, घराचे स्थलांतर किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारी यांमुळे पक्षी नकोसे झाले, की ते जवळच्या तलावात सोडून देण्याकडे काहींचा कल असतो. त्यात दया असली तरी परिणाम मात्र उलट होतो. जड शरीराची पाळीव बदके उडू शकत नसल्याने कुत्र्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जी तग धरतात, ती रोग पसरवू शकतात किंवा रानबदकांशी संकर करतात.

युरोपातील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. इंग्लंडमधील संग्रहात आणलेली अमेरिकेतील रडी बदके १९५० च्या दशकात निसटली व त्यांची संख्या पुढे हजारोंवर गेली. ती स्पेनपर्यंत पोहोचून तेथील दुर्मीळ पांढऱ्या डोक्याच्या बदकांशी संकर करू लागली. त्या जातीचे अस्तित्व वाचवण्यासाठी ब्रिटनला २००५ पासून रडी बदके मारण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. भारतातील हळदी-कुंकू बदक हे मॅलार्डचे जवळचे नातलग असल्याने येथेही सावधगिरी आवश्यक आहे.

पक्षी सांभाळणे अशक्य झाल्यास ते दुसऱ्या जबाबदार पालकाकडे किंवा पशुकल्याण संस्थेकडे सोपवावेत. चौथ्या अनुसूचीतील जात असल्यास हस्तांतरणाची नोंद करण्यास विसरू नये. जखमी किंवा वाट चुकलेले रानबदक आढळल्यास ते घरी न ठेवता वन विभागाच्या ताब्यात द्यावे.

ज्यांच्याकडे स्वच्छ पाण्याची सोय, पुरेशी जागा व पक्षी रात्री बंद करण्यासाठी घरात रोज कोणी तरी हजर असते, त्यांनी पाळीव जातीच्या तीन-चार बदकांपासून सुरुवात करावी. ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांच्यासाठी हिवाळ्यातील पाणथळ जागा खुल्या आहेत. भरतपूर, चिलिका, नांदूरमध्यमेश्वर किंवा जायकवाडी येथे तीच रानबदके शेकडोंच्या थव्यांनी पाहता येतात, आणि त्यासाठी परवान्यांची व पिंजऱ्याची गरज भासत नाही.